सिकाडांना तूर्त वर येण्याची परवानगी नाही

अमेरिकेतल्या डब्लिनपासून तासाभराच्या ड्राइव्हवर आमची साडेचार एकर शेती आहे आणि शासकीय नोंदीप्रमाणे तिच्यात काहीही नाही. प्रत्यक्षात तिथल्या ओकच्या मुळांशी काही लाख सिकाडा सोळा वर्षं रस चोखत बसले आहेत. सतराव्या वर्षी मे महिन्यात माती उबदार झाली की हे किडे वर येतात, कात टाकतात, चार-पाच आठवडे झाडावर बसून कान किटेपर्यंत ओरडतात आणि मरतात. कात टाकल्या टाकल्या उचलून उकडले, तर ओल्या शेंगांसारखे लागतात. शहरातल्या दोन हॉटेलांनी तर मेन्यूवर नाव छापूनही ठेवलं होतं. मी पन्नाशीची. हे पीक हुकलं तर पुढचं सदुसष्टाव्या वर्षी.

खाद्यकीटक-पालनाचा परवाना हवा होता. अर्ज भरायला माझा नवरा एकनाथ बसला. तो स्वतः सोळा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत असल्यामुळे अर्ज या विषयात त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्याने दोनशे पानांची फाइल केली. मातीचं तापमान, ओकचे फोटो आणि शेवटी आमच्या लग्नाचे फोटो.

"हे कशाला?" मी विचारलं.

"मागितले नाहीत. पण असलेले बरे."

काउंटीच्या खाद्यकीटक कक्षातून डोनाबाई पाहणीला आल्या.

"जनावरं कुठे आहेत?"

"तुमच्या पायाखाली."

त्या दचकून बाजूला सरकल्या. तिथेही होतीच.

"सोळा वर्षं अंधारात? मोकळी हवा नाही, हिंडणं-फिरणं नाही? कोणताही जीव आपणहून इतकी वर्षं वाट बघत बसत नाही. नक्कीच काहीतरी सक्ती असणार."

एकनाथने चष्मा काढून पुसला.

आठवड्याने अहवाल आला: जनावरांना अमानुषपणे कोंडून ठेवल्याचा ठपका. आम्ही नम्रपणे कळवलं की मे महिन्यात ती स्वतःच बाहेर येणार आहेत. त्यावर दुसरं पत्र आलं: परवान्याशिवाय जनावरं मोकळी सोडणं हा गुन्हा आहे. सुनावणी अकरा सप्टेंबरला. तोवर जनावरं आहेत तिथेच ठेवावीत.

मी फोन केला. "डोनाबाई, सप्टेंबरपर्यंत ते सगळे मरून जातील हो."

"मग सुनावणीची गरज उरणार नाही," त्या समजुतीने म्हणाल्या. "अर्ज मागे घेण्याचा अर्ज वेगळा असतो. पाठवू?"

मी फोन आपटला, तर एकनाथच घाबरला. "ऑफिसरशी वाद नको यार. रेकॉर्ड खराब होईल."

"कोणाचं? किड्यांचं?"

"आपलं गं!"

आणि त्याने आदेशाचं पालन करायचं ठरवलं. माती तापली की किडे येतात. तर माती तापूच द्यायची नाही. त्याने इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला. एरवी गणपतीच्या आरतीला पाऊण तास उशिरा येणारी मंडळी शनिवारी सकाळी आठला हजर. पस्तीस गाड्या, बर्फाच्या पेट्या, निळ्या ताडपत्र्या.

"काकू, आमचंही व्हिसाचं रिन्यूअल आहे पुढच्या महिन्यात," देवयानी बर्फ ओतता ओतता म्हणाली. "म्हटलं, तेवढंच पुण्य."

पीएचडी करणारा ऋषी तेवढा वैतागला. "काका, हे टोटली इललॉजिकल आहे. टोपल्या आणा, वर आले की उचलूया!"

"कोणत्या व्हिसावर आहेस?" एकनाथने विचारलं.

ऋषीने मुकाट्याने ताडपत्रीचा कोपरा धरला.

आठ दिवस आळीपाळीने पहारा चालला. पुढच्या रविवारी संध्याकाळी सिकाडा आले. बर्फ बाजूला सारून आले. ताडपत्री जागोजाग फुगायला लागली तशी माणसं तिच्या कडांवर उभी राहिली. मग किडे माणसांवरून चढायला लागले. पांढरंशुभ्र, लोण्यासारखं मऊ, माझं सगळं पीक लोकांच्या जीन्सवर आणि कुर्त्यांवर बसून कात टाकत होतं. हात लांबवला की मूठभर मिळाले असते. कोणी हात लांबवला नाही, परवाना नव्हता. एकनाथ ओणवा होऊन त्यांना कळवळून सांगत होता, "प्लीज, गो बॅक! जस्ट टिल सप्टेंबर!" इंग्रजीत, कारण ते जन्माने अमेरिकन.

त्यांच्यातल्या एकानेही वर यायच्या आधी कुणाला विचारलं नव्हतं. मी टोपली घेऊन उभी होते. एक किडा माझ्या मनगटावर येऊन ओले पंख उलगडायला लागला, इतका नाजूक की मला भरून आलं. मग आमची ग्रीन कार्डची फाइल आठवली. मी टोपली खाली ठेवली आणि देवयानीच्या शेजारी ताडपत्रीवर जाऊन उभी राहिले.

हसताय? हसा. फक्त लांब उभं राहून हसू नका. उत्तरेकडचा कोपरा सुटलाय, तेवढा धरा.