जावयाला दाखवलेला अंगठा

सुरक्षा या विषयात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं सुरक्षा अधिकारी होतो. निवृत्त झालो तरी खोड जात नाही. बायको माळ्यावरचं काही काढायला स्टुलावर चढली की मी धावत जाऊन स्टूल धरतो. ती म्हणते, "अहो, सोडा ते! तुम्ही धरलंत की जास्त हलतं." असो.

तर अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीनं काय करावं? बँकेतली चांगली नोकरी सोडून समुद्रावर पतंग उडवायला शिकवावं! पतंग म्हणजे कागदाचा नव्हे बरं का. चांगला दिवाणखान्याएवढा रुंद, कापडी. त्याच्या पुढच्या कडेला एक जाड नळी, तिच्यात पंपानं हवा भरायची. त्याला चार दोर, दोरांच्या टोकाला दांडी, ती दांडी आपल्या कंबरपट्ट्याला अडकवायची, पायाखाली फळी घ्यायची, आणि मग वारा तुम्हाला पाण्यावरून फरफटत नेतो. लोक हे हौसेनं करतात! आमच्या कारखान्यात एखाद्या यंत्रानं माणसाला असं ओढून नेलं असतं तर चौकशी बसली असती.

ही विद्या तिला दिली तिच्या नवऱ्यानं. मी त्याला 'पतंगवाला' म्हणतो. आधी मनात म्हणायचो, हल्ली तोंडावरही निघून जातं. तो नुसता हसतो. त्याचं हे हसणंच मला खटकतं. बोललेलं माणसाला लागलं की नाही, हे बोलणाऱ्याला कळायला नको?

लग्नानंतर अडीच वर्षं मी त्यांच्याकडे फिरकलो नव्हतो. आणि एक दिवस लेकीचा फोन.

"बाबा, शनिवारी आमच्या शाळेच्या परवान्याची तपासणी आहे. तुम्ही शुक्रवारी येता का? सगळ्यावरून एकदा नजर टाका. नुसती नजर हं!"

शेवटचं वाक्य बायकोनं ऐकलं. मी ऐकलं नाही, कारण तोवर मी बॅग भरायला घेतली होती. नारिंगी जॅकेट, शिट्टी, जाड फाइल, लाल पेन.

"अहो, ती म्हणाली नुसती नजर," बायको म्हणाली.

"नजर टाकायला जॅकेट लागतं," मी म्हणालो.

शुक्रवारी रात्री त्यांनी मला त्यांची एकमेव खोली दिली आणि स्वतः बाहेर सतरंजीवर झोपले. पतंगवाल्यानं उशाशी पाण्याचा तांब्याही आणून ठेवला. मला नाही म्हटलं तरी जरा अवघडल्यासारखं झालं. म्हणून मी खोलीच्या दाराची कडी सैल आहे हे त्याच्या निदर्शनास आणून दिलं.

शनिवारी सकाळी किनाऱ्यावर गेलो. लेकीनं भिंतीवर एक तक्ता लावला होता. फक्त सहा नियम! पंपाचा हुक आधी पतंगाला अडकवा. पतंगाची पुढची कड वाऱ्याकडे. फुगवला की लगेच उलटा करून त्यावर वाळूच्या पिशव्या. दोर दोनदा तपासा. दोरांच्या मध्ये कुणी उभं राहायचं नाही. आणि सोडण्याची खूण फक्त दांडी धरणाराच देणार.

"सहाच?" मी म्हणालो. "आमच्याकडे संडासात जायचे अकरा नियम होते."

"बाबा, सहा असले की पाळले जातात."

मी फाइल उघडून नियम सात ते एकोणतीस लिहायला घेतले. तेवढ्यात पतंगवाला पंप घेऊन आला. म्हटलं, या लोकांना एकदा दाखवूनच देऊ. "आण इकडे! सव्वीस वर्षं कॉम्प्रेसर सांभाळलेत मी."

"बाबा, आधी तो हुक..."

"कळतं रे!"

आणि मी हाणायला सुरुवात केली. दहा दणके, वीस दणके, पतंग टुम्म फुगला, आणि वाऱ्याची एक झुळूक आली. पंप माझ्या हातात राहिला आणि पतंग निघाला! बिनतिकिटाच्या प्रवाशासारखा, मागे न बघता! हुक अडकवायचा राहिला होता. पतंगवाल्यानं दहा पावलं धावत जाऊन पुढच्या कडेवर झडप घातली, पतंग उलटा करून खाली दाबला, आणि परत येऊन काय म्हणाला?

"होतं असं, बाबा. माझ्याकडूनही व्हायचं सुरुवातीला."

आता हे बोलणं चांगलंच होतं. पण मला झोंबलं. मी सुरुवातीचा आहे काय? तेवीस-चोवीस वर्षांच्या पोरांना मी शिस्त लावलीय!

त्या झोंबण्यातच तपासणी अधिकारी आले. टक्कल, उन्हाची टोपी, हातात क्लिप लावलेला पुठ्ठा. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. लेक वाळूनं माखलेली, जावई अनवाणी. मग त्यांची नजर माझ्या नारिंगी जॅकेटवर स्थिरावली.

"आपण इथले सुरक्षा प्रमुख?"

मला खोकला आला. त्यांनी तो होकार समजला. मीही खोकला लांबवला नाही.

"वा! अशी अनुभवी माणसं हल्ली कोण ठेवतं?" साहेब म्हणाले आणि माझ्या शेजारी खुर्ची मांडून बसले. लेकीनं माझ्याकडे पाहिलं. तिनं तोंड उघडलं, मग मिटलं. परवान्याचा दिवस होता.

तपासणी म्हणजे पतंग लावण्यापासून हवेत सोडण्यापर्यंत सगळं करून दाखवायचं. लेक पंचवीस पावलांवर दांडी घेऊन उभी राहिली. दुसऱ्या टोकाला पतंगवाला पतंग उभा धरून. मध्ये चार दोर वाळूवर पसरलेले. आणि चार दोरांच्या मध्ये मी!

"बाबा, बाजूला व्हा!" लेक ओरडली.

"एक मिनिट, साहेबांना दोर दाखवतोय!"

साहेब पुठ्ठ्यावर टिपून घेत होते. कोण हलणार?

तेवढ्यात लेकीला दिसलं की एक दोर पतंगाच्या टोकाला गुंतलाय. तिनं हात सपाट वर केला. म्हणजे थांबा! कंबरपट्ट्याला दांडी अजून अडकवलेली नव्हती, तीही तिनं अडकवली नाही. तिची खूण मी पाहिली. पतंगवाल्याला दिसली नाही, कारण मध्ये माझं नारिंगी जॅकेट होतं. तो मान वाकडी करून विचारत होता, "काय? काय म्हणतेय?"

आता आमच्या कारखान्यात यंत्र बंद झालं की आम्ही अंगठा वर करायचो. 'बंद आहे, काळजी नको, जागेवर राहा.' पोरगी थांबलीय, काळजी नको, हे जावयाला कळवावं म्हणून मी ऐटीत वळलो आणि चांगला ताठ अंगठा दाखवला.

पतंगाच्या दुनियेत अंगठा म्हणजे 'सोड'!

त्यानं सोडला.

पुढचं सगळं सात-आठ सेकंदांत झालं, पण चौकशीला मात्र आख्खा दिवस लागला. पतंग वर गेला, गुंतलेल्या दोरामुळे गर्रकन फिरला आणि पिसाळल्यासारखा खाली झेपावला. लेक पालथी पडून दोन हात घसटत गेली आणि तिनं दांडी सोडून दिली. पट्टा अडकवलेला असता तर काय झालं असतं, ते मी आजही मनात पूर्ण करत नाही. सुटलेली दांडी उड्या मारत साहेबांच्या खुर्चीत अडकली. साहेब एकीकडे, पुठ्ठा दुसरीकडे, टोपी समुद्रात! दोर ताणले गेले. मी पळालो. सव्वीस वर्षं लोकांना 'धोक्यापासून दूर पळा' असं शिकवणारा मी नेमका पतंगाच्या दिशेनं पळालो! ताणलेला दोर वाळूवरून सपकन उठला आणि माझ्या गळ्याच्या उंचीवर आला.

ताणलेल्या दोराला हात लावायचा नसतो. हे पतंगवाला रोज दहा जणांना सांगतो. त्यानं उघड्या हातानं तो दोर धरला, अंगाला हिसका देऊन खाली ओढला, आणि एकाच दोरावर ताण आल्यामुळे पतंग लुळा होऊन वाळूवर कोसळला.

मी गळा चाचपला. जागेवर होता. मग त्याच्याकडे पाहिलं. तो तळहात दुसऱ्या हातात धरून गुडघ्यांवर बसला होता आणि बोटांच्या फटींतून रक्त गळत होतं.

"बाबा, तुम्हाला लागलं नाही ना?" त्यानं विचारलं. या वेळी तो हसत नव्हता.

लेक त्याला घेऊन दवाखान्यात गेली. नऊ टाके पडले. इकडे साहेबांनी खुर्ची सरळ केली, कपडे झटकले, आणि माझ्यापुढे एक छापील कागद ठेवला.

"तुम्ही जाणकार आहात. जबाब तुम्हीच लिहा. झालं ते लिहा, मग शेवटी कारण."

झालं ते मी लिहिलं. वारा, वेळ, अंतर, सगळं अचूक. एक अंगठा तेवढा राहिला. मग 'अपघाताचे कारण' हा रकाना आला. आता तुम्हाला म्हणून सांगतो. कारखान्यात मी एक्केचाळीस अपघातांचे अहवाल लिहिले. एक्केचाळीस वेळा या रकान्यात एकच उत्तर लिहिलं. यंत्राचं झाकण तुटलेलं असो, दिवा गेलेला असो, सलग दुसरी पाळी करून माणूस उभ्यानं झोपलेला असो, मालकांना एकच उत्तर आवडायचं. माझ्या हातानं विचारलं नाही. त्यानं लिहून टाकलं : 'कामगाराचा निष्काळजीपणा.'

मग लक्षात आलं, इथे कामगार कुणीच नाही. मी पेन उचललं. ही वेळ होती! अजूनही होती! साहेब टोपीविना उन्हात उभे होते, "झालं का?" म्हणत होते. मी 'कामगाराचा' हा शब्द नीट आडवी रेघ मारून खोडला आणि त्यावर लिहिलं, 'सहायकाचा.' म्हणजे पतंग धरणाऱ्या जावयाचा. खाडाखोडीशेजारी सहीसुद्धा केली. नियमच आहे तसा.

साहेब तो कागद घेऊन दवाखान्यात गेले. जखमी माणसाचा जबाबही लागतो. अर्ध्या तासानं परतले ते खुशीत!

"असं क्वचित होतं हो! नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. तुमचा जावई स्वतःच म्हणाला, 'खूण नीट न बघता मीच घाई केली.' दोन्ही जबाब तंतोतंत जुळतात!"

जुळणारच. तो माझं नाव घेणार नव्हता, आणि मीही माझं नाव घेतलेलं नव्हतं.

दोन जबाब जुळल्यामुळे निकालही जागच्या जागी लागला. शाळेला परवाना मंजूर, पण सहायकाला हा पूर्ण हंगाम किनाऱ्यावर शिकवायला बंदी. आता दोघांच्या शाळेत एकाला बंदी म्हणजे काय ते सांगायला नको. एकानं दांडी धरायची, एकानं पतंग. वाऱ्याचे चार महिने होते. ती शाळा त्या चार महिन्यांत उघडलीच नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी लेक मला बसवर सोडायला आली. गाडीत मीच म्हणालो, "कारखान्यात अंगठा म्हणजे थांबा असं असतं."

"माहितीय, बाबा. मी लहानपणी तुमच्याकडूनच शिकले होते." तिच्या हनुवटीवर खरचटलेलं होतं, त्यावर वाळूचे कण तसेच होते. "चूक झाली त्याचं काही नाही. चूक त्याच्याकडूनही होते, माझ्याकडूनही. जबाबात का नाही लिहिलंत?"

मी काचेतून बाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काहीच नव्हतं, एक पेट्रोल पंप होता. तो मी संपेपर्यंत पाहिला.

बस सुटताना ती म्हणाली, "पोचलात की आईला फोन करायला सांगा."

मला नव्हे, आईला!

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. म्हणजे पहिल्यांदा अंगठा वगळून सांगितलं. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली, तेव्हा अंगठ्यासकट सांगितलं. ती उठली आणि आतून कोरा कागद घेऊन आली.

"लिहा."

लिहिलं. एकही शब्द न लपवता! मी दोरांच्या मध्ये उभा होतो, चुकीची खूण मी केली, त्यानं माझा जीव वाचवला, मी शाळेचा सुरक्षा प्रमुख कधीच नव्हतो. सव्वीस वर्षांतला माझा पहिला खरा अहवाल! रजिस्टर टपालानं पाठवला. आठ दिवस झोप नाही. नवव्या दिवशी साहेबांचा फोन आला.

"अहो, तुमचं पत्र वाचलं. डोळ्यांत पाणी आलं! जावयासाठी सासरा एवढा मोठेपणा दाखवतो? सगळा दोष स्वतःवर घेतो?"

"नाही साहेब, ते खरंच..."

"कळतं मला! मलाही मुलगी आहे. पण तुमच्यासारखा अनुभवी माणूस असल्या चुका करेल यावर कोण विश्वास ठेवेल? आणि खोटा जबाब देणं गुन्हा आहे हो. तुमच्या वयाचा मान ठेवून मी ते पत्र फाडून टाकलंय. कुठे बोलू नका."

"साहेब, ऐका..."

"खरंच, मन फार मोठं आहे तुमचं!" म्हणाले आणि फोन ठेवला.

मी लगेच लेकीला फोन लावला. तिनं उचलला नाही. जावयानं उचलला. हाताची पट्टी निघाली होती, पण दोन बोटं अजून मिटत नव्हती. मी त्याला सगळं सांगितलं. पत्र, साहेब, फाडलेला कागद.

"असू द्या, बाबा," तो म्हणाला. "पुढचा हंगाम आहेच."

"तिला सांगशील ना, मी लिहिलं होतं म्हणून?"

"सांगतो." मग म्हणाला, "पण ती विचारेल, आधी का नाही लिहिलं."

मी फोन ठेवला. बायको दारात उभी होती. "काय म्हणाले तुमचे साहेब?"

"नाही म्हणाले. ऐकायलाच तयार नाहीत."

एवढंच सांगितलं. खरं सांगू? तिला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो. साहेब जेव्हा म्हणाले ना, की मन फार मोठं आहे तुमचं, तेव्हा क्षणभर मला बरंच वाटलं!