सेडमने मंजूर केलेली रजा

चैत्रातल्या एका सकाळी प्रमिलाबाई खैरनार यांच्या अंगणातल्या सेडम नावाच्या रोपाने त्यांना रजेवर पाठवलं.

बाई मनमाडला एकट्याच राहतात. बागेला रोज, उन्हाळ्यात तर दोन्ही वेळा, पाणी लागे, म्हणून त्या कधी गावाबाहेर पडल्या नाहीत. धाकटी बहीण कुसुम लग्न होऊन देवगडला गेली, तिचं घरही त्यांनी पाहिलेलं नव्हतं. गेल्या वर्षी जवळजवळ सगळी बाग वाळली, तेव्हा त्यांनी खडी मिसळलेल्या मातीत हे जाड पानांचं सेडम लावलं. ते अंगणभर पसरलं.

त्या सकाळी बाई झारी घेऊन आल्या, तेव्हा सेडम म्हणालं, "झारी खाली ठेवा."

"अरे, ऊन बघ केवढं आहे!"

"ऊन मला हवंच असतं. पाणी मी पानांत साठवून ठेवलंय. तुमच्या रोजच्या पाण्याने माझी मुळं कुजायची वेळ आली. पाऊस लागेपर्यंत तुम्ही रजेवर जा."

बाईंना आधी अपमान झाल्यासारखं वाटलं. मग त्यांची नजर जुन्या बागेतून वाचलेल्या मोगऱ्याच्या कुंडीकडे गेली.

"आणि मोगरा?"

"मोगरा माझ्या अखत्यारीत येत नाही. त्याला बरोबर न्या."

बाईंनी ट्रंक काढली, साड्या भरल्या, पुन्हा काढल्या, पुन्हा भरल्या. शेजारचे जगन्नाथ आहिरे कुंपणापाशी आले.

"ताई, खरंच निघालात?"

"सेडमने सोडलंय, भाऊ! समुद्र बघणार मी!"

आहिरेंनी कुंपणावरून आत डोकावलं. मग सेडमकडे वळून अदबीने म्हणाले, "आमचं काही होण्यासारखं आहे का?"

"माझी एक फांदी तुमच्या अंगणात खोचा," सेडम म्हणालं. "ती रुजली की तिच्याकडे अर्ज करा. तुमच्या अंगणाचा निर्णय तीच घेईल."

बाई मोगऱ्याची कुंडी मांडीवर घेऊन एसटीने देवगडला पोचल्या. कुसुम स्टँडवर उभी होती. दोघी घरी गेल्याच नाहीत. ट्रंक रिक्षात तशीच ठेवून थेट किनाऱ्यावर गेल्या. पहिली लाट पायांवर आली तेव्हा प्रमिलाबाई इतक्या जोरात ओरडल्या की होडीवरचे कोळी वळून बघू लागले.

"अक्का, हळू!" कुसुम हसत म्हणाली आणि मग स्वतःही ओरडली.

काही दिवसांनी आहिरे सपत्नीक आले. त्यांच्या मागून गिरणीवाले आले, मग शाळेतल्या पगारे बाई, मग पोस्टमन. मनमाडच्या त्या गल्लीत फांद्या भराभर रुजत होत्या आणि एकही अर्ज नामंजूर होत नव्हता. एका संध्याकाळी बसमधून उरलेली गल्ली उतरली, म्हाताऱ्या माणसांसकट, आणि सगळे पिशव्या सांभाळत वाळूकडे पळत सुटले.

कुसुम ती गर्दी बघून चकित झाली. "मग तिकडे आता आहे कोण?"

"सेडम," आहिरे म्हणाले, आणि पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरले.