उन्हाची चोरी

कुलूपराव कारखान्यात भांडारपाल होते, आणि घरातही. नवी वस्तू उंबरठा ओलांडून आत आली की तिला झाकण पाहिजे, हा त्यांचा कायदा. रिमोट प्लॅस्टिकमध्ये, सोफा खोळीत, खोळीवर चादर. त्या सोफ्याचा खरा रंग पाहिलेला शेवटचा माणूस म्हणजे तो विकणारा दुकानदार.

अशा माणसाने गच्चीवर सौर पॅनल बसवलं ते मेहुण्याशी वाजल्यामुळे. "दाजी, उन्हावर दिवे? उन्हावर कपडे वाळतात!" असं तो चारचौघांत म्हणाला होता. शनिवारी संध्याकाळी तो मुद्दाम दिवे बघायला येणार होता. दिवे लागले नाहीत, तर हेच वाक्य जन्मभर ऐकायचं.

पहिले काही दिवस दिवे झकास लागले. मग एका संध्याकाळी पिवळे पडले, नंतर मिणमिणले आणि गुरुवारी तर ताटावर बसल्या बसल्याच गेले. कुलूपरावांनी वायरमनला बोलावलं.

"पॅनल ठीक, बॅटरी ठीक," वायरमन म्हणाला. "पण बॅटरी भरतच नाहीये. दिवसाचं ऊन कुठंतरी जातंय बघा."

भांडारपालाच्या हिशेबी माल जातो म्हणजे कुणीतरी नेतो. आणि कुलूपरावांना लगेच शेजारचा शिंपी आठवला. गेल्याच आठवड्यात गळ्यात टेप अडकवून त्याने विचारलं होतं, "साहेब, तुमचं पॅनल लांबी-रुंदीला केवढं हो?" त्याचं मशीन विजेवर चालतं. दोन गच्च्यांमध्ये भिंत काय ती कमरेएवढी.

"तो आपलं ऊन ओढतोय," कुलूपराव बायकोला म्हणाले.

"अहो, ऊन म्हणजे काय दोरीवरचा टॉवेल आहे? नवी बॅटरी आहे, रुळेल हळूहळू."

"तू भोळी आहेस."

शनिवारी ते रोजच्यासारखे डबा घेऊन निघाले, अर्धी रजा टाकून दुपारी परतले आणि मागच्या जिन्याने, चपला हातात घेऊन, गच्चीवर चढले. शिंप्याच्या गच्चीत ना वायर, ना माणूस. त्यांच्या पॅनलवर मात्र अस्तराचं जाडजूड कव्हर. कडेला लाल गोट, चार कोपऱ्यांना चार बटणं.

"शिंप्या!" कुलूपराव गरजले.

शिंपी खालच्या खिडकीतून डोकावला. "बसलं ना साहेब नीट? वहिनींनी दोनदा माप घ्यायला लावलं!"

तोवर बायको मागे येऊन उभी राहिली होती. "हळू ओढा! बटणं तुटतील."

"हे कुणी घातलं?"

"मी. रोज तुम्ही गेलात की घालते, ऊन उतरलं की काढते. नवी वस्तू उघडी टाकू?"

"अगं, पण त्याला ऊन लागतं!"

"सकाळचं कोवळं दाखवते की! दुपारचं बाधतं."

कायदा आपलाच, फिर्याद कुणाकडे करणार? उरलेली दुपार कुलूपराव पॅनलजवळ स्टूल टाकून राखणीला बसले. स्वतःची सावलीसुद्धा त्यांनी त्यावर पडू दिली नाही.

संध्याकाळी मेहुणा आला. "कुठायत उन्हाचे दिवे?" असं तो विचारतोय तोच सगळ्या गल्लीची वीज गेली. कुलूपरावांचं घर तेवढं लख्ख. मेहुण्याने खिडकीतून अंधारी गल्ली पाहिली, मग डोक्यावरचा दिवा.

"दाजी, मीही उद्याच बसवतो. आमच्याकडची वीज जाते, बिल मात्र येतं."

"बसव की. आणि असा रिकाम्या हाताने जाऊ नकोस." कुलूपरावांनी घडी घातलेलं कव्हर आणून त्याच्या मांडीवर ठेवलं. "महागाची वस्तू आहे. रोज सकाळी न चुकता घालायचं."

बायकोने तोंड उघडलं. कुलूपरावांनी तिला पाणी आणायला पाठवलं.

"तुम्ही? आणि फुकट?" मेहुण्याला संशय आला. त्याने कव्हर उलटंसुलटं केलं, दिव्याखाली धरलं, बटणं ओढून पाहिली.

शिलाईत कुठेच खोट नव्हती.