वानखेडेंची सैल झाकणं

वानखेडे कुठल्याही बरणीचं झाकण घट्ट लावत नाहीत. विसरतात असं नव्हे. झाकण ठेवतात, दोन बोटांनी जरासं फिरवतात आणि सोडून देतात. तुम्ही बेसावधपणे झाकणाला धरून बरणी उचललीत की झाकण तुमच्या हातात आणि बरणी जमिनीवर. आमच्या ऑफिसातल्या चहाच्या कोपऱ्यात साखर अशी कितीदा सांडली आहे ते मुंग्यांना विचारा. एकदा त्यांनी मोठ्या प्रेमानं मला लिंबाचं लोणचं आणून दिलं. त्याचं तेल घरी पोचेपर्यंत माझ्या पर्समध्ये उतरलं होतं. पर्स चामड्याची होती. तिला अजून वास येतो आणि मी अजून तो विषय काढते.

"वानखेडे, झाकण घट्ट लावायला कर भरावा लागतो का?" मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"नाही ना मॅडम. पण उघडणाऱ्याचा विचार करा लागते."

"उघडणारी मी होते. मला उघडता येतं."

"तुम्हाले येते," ते म्हणाले आणि आपल्या टेबलाकडे गेले. माणसाला सॉरी म्हणता येत नाही की काय, असं माझ्या मनात आलं.

मी चिडकी आहे, हे इथेच सांगून टाकते. भोसरीत आमची एक छोटी टेस्टिंग लॅब आहे. लोक आपल्या मोटरी, गिअरबॉक्स, पंप घेऊन येतात. आम्ही ते फिरवून बघतो आणि रिपोर्ट देतो. ग्राहकांना सांभाळायचं काम माझं आणि मशीन सांभाळायचं वानखेडेंचं. ग्राहकाला रिपोर्ट कालच हवा असतो. वानखेडेंना घाई माहीत नाही. मग मी चिडणार नाही तर काय करणार?

वानखेडे मूळचे अमरावतीचे. पुण्यात येऊन केस पांढरे झाले, पण 'का' ऐवजी 'काऊन' म्हणायचं काही सुटलं नाही. त्यांचा जीव टॉर्क सेन्सरमध्ये. हा सेन्सर म्हणजे मोटर आणि ती जे काही फिरवते त्यांच्या मध्ये बसवायचा एक तुकडा. पीळ किती पडतोय ते तो सांगतो. प्रत्येक सेन्सरवर त्याची मर्यादा लिहिलेली असते. त्यापलीकडे पीळ पडला तर तो मोडून पडत नाही, दिसायला तसाच राहतो. फक्त भार काढला तरी आकडा शून्यावर येत नाही. असा बिघडलेला सेन्सर दिसला की वानखेडे त्या दिवशी डबा अर्धाच खातात.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी लॅबमधली हातोडी मागून घेतली आणि आपल्या कपाटात कुलूपबंद केली. दोन शाफ्ट जोडणारं कपलिंग चढत नसलं की पोरं ठोकतात आणि तो दणका थेट सेन्सरला बसतो, म्हणून. तेव्हापासून भिंतीवर कॅलेंडर लावायचं झालं तरी त्यांच्याकडे जावं लागतं. खिळा कुठे आणि कशाला याची चौकशी होते. मग ते स्वतः येतात, खिळा ठोकून होईपर्यंत शेजारी उभे राहतात आणि हातोडी परत घेऊन जातात.

सेन्सर केबलला धरून उचलला तर ते म्हणतात, "लेकराले कान धरून उचलता का?" शाफ्ट एका रेषेत आहेत याची खात्री झाल्याशिवाय बोल्टला हात लावू देत नाहीत. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे आधी वायर जोडायची, आकडा चालू करायचा आणि तो बघत बघत बोल्ट आवळायचे. "आकडा बघत," हे त्यांचं पालुपद आहे. नवीन इंजिनीअर विचारतो, अजून मोटर सुरूच नाही, तर आकडा कसला बघायचा? वानखेडे याच प्रश्नाची वाट बघत असतात.

"लोकाईले वाटते सेन्सर चालताना बिघडते. नाही जी. बसवताना बिघडते. कोणाचं लक्ष नसते तेव्हा."

मर्यादेच्या बाबतीत तर विचारू नका. शंभर लिहिलंय म्हणजे शंभराचं आमंत्रण नाही, असं ते ग्राहकाला तोंडावर सांगतात. मोटर सुरू होताना जो झटका बसतो, तो धरूनच सेन्सर निवडायचा. ही शिस्त ते लॅबबाहेरही पाळतात. आठ माणसांच्या लिफ्टमध्ये सहावा माणूस चढला की वानखेडे उतरतात. माझ्या भाचीच्या लग्नात फोटोसाठी सगळे स्टेजवर चढलेले असताना हे खाली वाकून स्टेजचे पाय तपासत होते. अख्ख्या अल्बममध्ये त्यांची फक्त पाठ आहे.

आमच्याकडचा सगळ्यात लहान सेन्सर म्हणजे त्यांची 'बारकी'. खेळण्यातल्या मोटरींसाठी घेतलेली. तिची मर्यादा इतकी कमी की जोरात पिळलेलं फडकंसुद्धा तिला झेपणार नाही. बारकीला ते स्वतः पुसतात, स्वतः पेटीत ठेवतात.

गेल्या खंडेनवमीला मात्र त्यांनी कमाल केली. त्या दिवशी मशीनची पूजा असते, सगळ्यांच्या घरची माणसं येतात, पेढे वाटतात. वानखेडेंनी बारकीला बरणीचं एक झाकण जोडलं आणि जाहीर केलं की बायकांची स्पर्धा आहे. झाकण हळूहळू फिरवायचं, समोर आकडा दिसेल. फार जोर झाला तर मधली पकड आपोआप घसरेल, अशी सोयही त्यांनी करून ठेवली होती. आम्ही हसून हसून बेजार झालो. मी पहिली आले, हे सांगायला नकोच. वानखेडेंची बायको शोभावहिनी सगळ्यात शेवटी आल्या. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, बोलणं कमी. त्यांनी झाकण धरलं, आकडा जेमतेम हलला आणि वानखेडेंनी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. बक्षिसाची चिवड्याची बरणी मला मिळाली. झाकण अर्थातच सैल होतं.

तर आता लोणच्याच्या कंपनीची गोष्ट. आमचे मालक बरेच दिवस एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या शोधात होते. दोन जुनी कामं गेली होती आणि वर्षभराचं एखादं काम मिळालं नाही तर लॅबचा अर्धा भाग बंद करावा लागेल, असं ते उघड बोलायला लागले होते. अशात एका लोणच्याच्या कंपनीचे साहेब आले. त्यांच्या बरण्या उघडत नाहीत अशा तक्रारी येत होत्या. झाकण उघडायला किती पीळ लागतो ते मोजून द्या, सोमवारी द्या, जमलं तर वर्षभराचं काम तुमचं. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

वानखेडेंनी एक बरणी हातात घेतली, उघडून पाहिली आणि खाली ठेवली. "होत नाही जी."

"का?"

"बारकीच्या मर्यादेच्या बाहेर आहे हे. आन् मोठ्या सेन्सरवर एवढासा पीळ नीट दिसत नाही. मधला पाहिजे. तो तपासणीले गेला आहे, पुढच्या शुक्रवारी येते."

"अहो, एक झाकण तर आहे," साहेब म्हणाले. "लावा हिलाच."

"तुमची पकड घसरते ना आपोआप?" मी सुचवलं.

"मंग झाकण उघडन कसं? आधीच घसरन ना."

मग त्यांनी साहेबांना विचारलं, "बरणी उघडते कोण?" साहेब म्हणाले, "ग्राहक." वानखेडे म्हणाले, "ग्राहकाले हात कोणाचा असते?" हे कुणालाच कळलं नाही. साहेब घड्याळ बघत निघाले. सोमवारी जमत नसेल तर दुसरी लॅब आहे, असं दारातून सांगून गेले. मालकांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्हीच बोला त्यांच्याशी."

रविवारी वानखेडे फोन उचलत नाहीत. आठवड्यातून एक दिवस भार उतरवून ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं. मी त्या लोणच्याची एक बरणी पिशवीत टाकली, स्कूटर काढली आणि कोथरूडला त्यांच्या घरी जाऊन धडकले. एवढ्याशा झाकणानं तुमची बारकी मरणार आहे का, हे बरणी समोर आपटून विचारायचं, असं वाटेत ठरवून टाकलं होतं.

दार वानखेडेंनीच उघडलं. आतून वहिनींचा आवाज आला, "कोण आलं? मॅडम? या, पोहे टाकते."

हॉलमधून स्वयंपाकघर सरळ दिसत होतं. ओट्यावर बरण्यांची रांग आणि प्रत्येक बरणीचं झाकण जरासं तिरपं. वहिनींचा पदर आज खोचलेला होता. उजवा हात कोपरात आखडलेला, बोटं आत वळलेली. मी बघतेय हे त्यांना दिसलं.

"लकव्याचा झटका आला होता मला," त्या सरळ म्हणाल्या. "यांनी सांगितलं नसंन. दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, हात जेवढा आला तेवढा आला. मी म्हटलं, पाहू. आता पाहा." त्यांनी त्याच हातानं साखरेच्या बरणीचं झाकण धरलं, ओठ आवळले आणि फिरवलं. उघडलं. "स्वयंपाकघरात यांना एक वस्तू उघडू देत नाही मी. सगळं माझ्या हातानं."

मी वानखेडेंकडे पाहिलं. ते बायकोकडे बघत नव्हते. झाकणाकडे बघत होते, लॅबमध्ये आकड्याकडे बघतात तसे.

खंडेनवमीची ती स्पर्धा मला तेव्हा कळली. आम्हा सगळ्या बायकांना या माणसानं हसवत ठेवलं ते एकाच हातासाठी. बारकीशिवाय तो हात दुसऱ्या कशावर मोजताच आला नसता. आणि रोज घरात तेवढंच आवळून आवळून बोटांना तेच वळण पडलं, म्हणून आमची साखर सांडत होती आणि माझी पर्स गेली होती. मला एकदम फार वाईट वाटलं. पर्सचं नव्हे.

तेवढ्यात वहिनींनी माझ्या पिशवीतून डोकावणारी बरणी पाहिली. "लोणचं आणलं? आणा, पोह्यांसोबत घेऊ." आणि त्यांनी ती उचललीसुद्धा.

वानखेडे अर्धे उठले आणि तसेच थांबले. त्यांनी बरणी काढून घेतली असती तर सगळं उघडं पडलं असतं आणि घेतली नसती तर ते झाकण उघडणार नव्हतं. मालकांसमोर, ग्राहकांसमोर हा माणूस कधी हलला नव्हता. आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, द्या इकडे," मी म्हटलं. "त्याचं वरचं प्लास्टिक काढायचं राहिलंय." बरणी घेतली, खिडकीकडे तोंड केलं आणि जीव खाऊन झाकण पिळलं. उघडताना त्याचा टक् असा आवाज आला. तो लपवायला मी जोरात खोकले. तळहात लाल झाला होता. मग झाकण परत ठेवलं आणि दोन बोटांनी जरासं फिरवलं.

वहिनींनी ते उघडलं. "जमलं," त्या म्हणाल्या. वानखेडे खाली बसले.

पोहे खाताना मी सांगितलं की लोणचंवाल्यांना मीच कळवते, शुक्रवारपर्यंत थांबा म्हणून. वानखेडे म्हणाले, "काम जाईन मॅडम." मी म्हटलं, "गेलं तर दुसरं आणू. बारकीला हात लावायचा नाही." माझ्या तोंडून हे ऐकून त्यांना ठसका लागला.

निघताना ते माझी स्कूटर पार्किंगमधून काढायला पुढे गेले. वहिनी दारापर्यंत आल्या.

"तुम्ही सैल केलं ना ते झाकण?" त्यांनी हळूच विचारलं.

मी चपलेत पाय सरकवायला लागले.

"खोकला बरा नाही तुमचा," त्या हसल्या. "यांनाही वाटते मला कळत नाही. सकाळी ऑफिसला जायच्या आधी सगळी झाकणं सैल करून जातात. ते गेले की मी एकेक थोडं घट्ट करते. कालच्याहून थोडंसं जास्त. आणि मग उघडते. कधी तासभर जाते, पण सोडत नाही. यांना सांगू नका. लगेच मर्यादा सांगत बसतील."

खाली वानखेडेंनी स्कूटर वळवून ठेवली होती. मी त्यांच्याकडून किल्ली घेतली. नुसती मान हलवून निघाले.

साहेब फोनवर चिडले, दुसऱ्या लॅबकडे जातो म्हणाले. मी म्हटलं, जरूर जा, फक्त झाकण मोजाल तेव्हा साठीच्या बाईचा हात धरून मोजा. त्यांच्या आईनंही तीच तक्रार केली होती, हे त्यांनी नंतर कबूल केलं. शुक्रवारी मधला सेन्सर आला आणि ते स्वतः बरण्यांचं खोकं घेऊन आले. वानखेडेंनी वायर जोडली, आकडा चालू केला आणि एकेक बोल्ट आवळायला घेतला.

काम संपल्यावर ते माझ्या टेबलाशी येऊन घुटमळले.

"मॅडम, त्या दिवशी शोभाचा हात... तुम्हाले कसा वाटला? मी रोज पाहतो ना, मले समजत नाही."

"चांगला आहे," मी म्हटलं. "जोर वाढतोय."

ते जायला वळले आणि परत फिरले. "मंग झाकण थोडं घट्ट करू?"

"करा," मी म्हटलं. "थोडंसंच. आकडा बघत."