धमनीचं अस्तर

विज्ञानाच्या बाईंची नोकरी कायम होणं एका धमनीवर अवलंबून होतं, आणि ती धमनी त्यांचे बाबा शिवत होते.

बाबांचा धंदा हातमोजे शिवण्याचा. आई गेल्यापासून पाच महिने मशीनवरचं झाकण निघालं नव्हतं, म्हणून बाईंनी तपासणीच्या पाठासाठीचं हे काम मुद्दामच त्यांच्या गळ्यात घातलं.

"बाबा, नळीला तीन थर. आत गुळगुळीत सॅटिन, म्हणजे रक्त सरसर जातं. मध्ये ताणणारं कापड. बाहेर लोकर, सगळं धरून ठेवायला."

"चाळीस वर्षं शिवतोय. मला अस्तर शिकवतेस?"

सकाळी बाबांनी बांधून दिलेलं पुडकं बाईंनी वर्गातच सोडलं. मागच्या बाकावर तपासणीचे साहेब बसले होते. धमनी बाहेरून लखलखत होती. सॅटिन! बाईंनी ती डोळ्यांशी धरली. आत डोकावल्या, तर आईच्या स्वेटरची निळी लोकर.

आता माघार कसली! त्यांनी वरून लाल मणी ओतले. खालच्या वाटीत एकही पडला नाही.

"बाई, रक्त तुंबलं!" पहिल्या बाकावरची मुलगी ओरडली.

"थांबा, मी बघतो," म्हणत साहेब उठले. त्यांनी पेनाने ढोसलं. पेन आत गेलं. पेन काढायला बोट घातलं, तेही अडकलं. ओढावं तसा मधला थर आवळत गेला.

"बाई, आता साहेबांचं काय होणार?"

बाई वर्गाकडे वळल्या. "बघा, आतला थर खरखरीत झाला की हे असं होतं. आधी रक्त अडकतं, मग..."

"मग?" साहेबांनी घाम पुसला.

"मग माणूस, साहेब."

साबणाच्या पाण्याने बोट सुटलं. साहेबांनी मुलीची पेन्सिल मागून शेरा लिहिला : 'पाठ मनावर ठसतो. कायम करावे.'

घरी बाई कडाडल्या, "बाबा, उलटं शिवलंत! साहेबांचं बोट अडकलं!"

"अडकणारच. माझ्या मोज्यातून आजवर कुणाचं बोट निसटलंय? ऊब नेहमी आतून असते."

"धमनी आहे ती, बाबा!"

बाबांनी धमनी हातात घेतली, आतली लोकर चाचपली. मग म्हणाले, "बाहेरचा थर काय करतो म्हणालीस?"

"सगळं धरून ठेवतो."

"मग तिचाच स्वेटर बाहेर हवा."

ते मशीनपाशी बसले आणि शिवण उसवू लागले. मणी घरभर पळाले. शेवटी पेन पडलं.

"हे कुणाचं?"

"साहेबांचं. उद्या परत द्यायचंय."

बाबांनी चष्मा चढवला, सुईत दोरा ओवला.

"देशील तेव्हा त्यांच्या हाताचं मापही घेऊन ये."