तळघरातला मंगळवार

माझ्या आवाजाबद्दल मी स्वतः बोलू नये, पण दुसरं कोणी बोलत नाही म्हणून सांगतो. आमच्या गावच्या स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा मी करायचो. लँकशायरचं धुकं असं, की समोर उभी असलेली गाडी दिसायची नाही. पण क्लिफर्ड एंटविसल 'मँचेस्टर' म्हणाला, की माणसं डोळे मिटून डब्यात पाय टाकायची! एकदा मी माइकसमोर शिंकलो, तर गाडी सुटली!

मग निवृत्त झालो, आणि पाठोपाठ माझी डॉरिस गेली. घरात माझं ऐकणारं कोणी उरलं नाही. मांजरसुद्धा शेजारणीकडे राहायला गेलं. किटलीने शिटी मारली की मी 'चहा तयार आहे' असं खणखणीत जाहीर करायचो, आणि मीच उठून घ्यायचो. सांगताना गंमत वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती.

म्हणून मी हॉस्पिटलच्या रेडिओवर फुकट काम करायला गेलो. रुग्ण खाटेवर हेडफोन लावून पडलेले, आणि आपण वरच्या मजल्यावरच्या खोलीतून त्यांना गाणी ऐकवायची. या रेडिओच्या सर्वेसर्वा ग्वेन्डाबाई शटलवर्थ, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्त फक्त शाळेतून!

"एंटविसल, नीट ऐका," त्या म्हणाल्या. "कोणालाही आजार विचारायचा नाही. बरे कधी होणार, घरी कधी जाणार, तेही नाही. आणि या दोन खटक्यांशिवाय कशाला हात लावायचा नाही."

"बाई, माझी हयात खटक्यांत गेली!"

"म्हणूनच सांगतेय. महिनाभर बघेन. एकाने तरी आपणहून फोन करून तुमच्याकडे गाणं मागितलं, तर मंगळवारची संध्याकाळ तुमची. नाहीतर ती माउथऑर्गनवाल्या मिस्टर क्लेगना देईन."

क्लेग! ज्याचा माउथऑर्गन ऐकून कुत्री गाव सोडतात, तो!

बाई गेल्यावर मी यंत्राकडे नजर टाकली. सगळे खटके वर आणि कोपऱ्यातला करड्या रंगाचा एक खटका तेवढा खाली लोंबतोय! बेशिस्त! मी तो वर केला. कार्यक्रम संपल्यावर मात्र आठवणीने पुन्हा खाली केला. वस्तू जशी मिळाली तशी परत ठेवायची, हा रेल्वेचा संस्कार. पुढच्या प्रत्येक मंगळवारी हेच केलं.

गाणं संपलं की आपोआप वाजेल अशी एक टेपही मी करून आणली होती. सगळा घसा पणाला लावून! "पडून राहा. कुणीही उठायची गरज नाही. मी आलो आहे."

पहिल्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी बाई वॉर्डांत विचारून आल्या. सगळे म्हणाले, "फार छान!" पुढच्या आठवड्यातही "फार छान!" पण फोन मात्र एकही नाही. मी दर गाण्यानंतर सांगायचो, भिंतीवरचा फोन उचला, रेडिओ मागा, मी वाट बघतोय. फोन आपला गप्प. इतकं छान आहे तर मागा की एखादं गाणं, माणसांनो!

तेवढ्यात पर्सी भेटला. पर्सी हा हॉस्पिटलातला हमाल, माझा शाळेपासूनचा दोस्त. चेहऱ्याचा रंग उडालेला.

"क्लिफ, गड्या, तळघरात काहीतरी आहे."

"उंदीर असतील."

"उंदीर बोलतात होय रे? शवागाराच्या बोळात, भिंतीतून पुरुषाचा आवाज येतो! म्हणतो, उठायचं नाही. मी न्यायला आलोय. मी वाट बघतोय."

"केव्हा?"

"मंगळवारी. दिवेलागणीला."

"बापरे! मी त्याच वेळी वर एकटा असतो!"

"दार लावून घेत जा," पर्सी म्हणाला. "आवाज कसा आहे सांगू? घोगरा. थडग्यातून आल्यासारखा."

मी लगेच गळ्यातला क्रूस दारावर टांगला. एवढंच नव्हे, त्या मंगळवारी माइकवरून धीर एकवटून खडसावलं, "तू जो कोणी असशील, मला ठाऊक आहे तू तिथे आहेस! बोल!" पर्सी म्हणाला, त्या संध्याकाळी तळघरातल्या भुताने कहर केला.

महिन्यातला शेवटचा मंगळवार उजाडला. संध्याकाळी मी माइकसमोर बसलो, बाहेर धुकं खिडकीला चिकटलेलं. क्लेग सकाळीच येऊन खुर्ची मागेपुढे करून बघून गेला होता. खालून पाइपांमधून कसलीशी धडधड येत होती. आणि फोन वाजला!

मी खुर्चीतून पडलोच. पलीकडून एका अनोळखी बाईचा आवाज आला, अगदी हळू. "तुम्हीच ना ते? मी ऑलिव्ह हारग्रीव्ह्स. आमच्या हॅरॉल्डसाठी एखादं वॉल्ट्झ लावाल का? आम्ही नाचायचो त्यावर. इथे फार शांत आहे हो."

"लावतो ना! आत्ता लावतो! हॅरॉल्डभाऊ ऐकताहेत ना?"

"काय माहीत."

तिथे इतका गारवा असावा, की तिचे दात वाजलेले मला ऐकू आले. काय झालंय त्याला, हे जिभेवर आलं होतं. पण नियम म्हणजे नियम! आजार विचारायचा नाही. मी विचारलं नाही, आणि परक्या माणसाजवळ आपलं दुःख उघडं करायची आमच्याकडे कुणाला सवय नाही. तिने सांगितलं नाही.

मी माइक ओढला. महिनाभर साठलेला आवाज बाहेर काढला. "हॅरॉल्ड हारग्रीव्ह्स! बस झालं आता झोपणं! तुमची ऑलिव्ह शेजारी बसली आहे. उठा! उठा, आणि तिच्याबरोबर नाचा!"

तबकडी सुरू केली. तोच दार धाडकन उघडलं. पर्सी! ओठ पांढरे.

"क्लिफ, तो मेलेल्यांना उठवतोय! नावं घेऊन!"

"कोण?"

"ते भूत! चल खाली, मी एकटा नाही जाणार."

मलाही जायचं नव्हतं. पण तबकडी लांबलचक होती आणि पर्सीने बाही सोडली नाही. तळघराच्या पायऱ्या उतरलो. बोळात एकच दिवा, तोही धड पेटत नव्हता. आणि भिंतीतून खरंच, अगदी हळू, एक वॉल्ट्झ झिरपत होतं. मला ते ओळखीचं वाटलं, आणि ओळखीचं वाटलं म्हणून जास्तच भीती वाटली. मग सूर थांबले. गाणं संपून माझी टेप लागायची वेळ झाली आहे, हे माझ्या लक्षातच नव्हतं. अंधारातून माझ्या कानाशी कोणीतरी म्हणालं, "पडून राहा. कुणीही उठायची गरज नाही. मी आलो आहे."

पर्सी जागच्या जागी बसला. मी बसलो नाही, कारण माझे गुडघे आखडले होते. वर बघतो तर छताला गंजलेला कर्णा! लढाईच्या काळात हे तळघर म्हणजे बॉम्बपासून लपायची जागा होती, तेव्हाचा. डोळ्यांसमोर एकच गोष्ट आली. करडा खटका!

म्हणजे महिनाभर वॉर्डांत एक अक्षर गेलं नव्हतं! सगळा आवाज इथे, शवागारात! आणि ते "फार छान"? हेडफोन मुके पडले, तरी नर्सला कशाला त्रास द्या, बाईंचं मन कशाला मोडा! आमची माणसं मरतील, पण तक्रार करणार नाहीत.

बोळाच्या टोकाचं दार अर्धं उघडं होतं. ती अंत्यदर्शनाची खोली. आत एक बाई, हातात पर्स घट्ट धरून बसलेली. समोर पांढऱ्या चादरीखाली हॅरॉल्ड.

जमीन दुभंगली असती तर मी आनंदाने आत गेलो असतो. "बाई, मला माहीत नव्हतं... मी त्यांना उठा म्हणालो... मी तोंड दाखवायच्या लायकीचा नाही."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "लग्न झाल्यापासून रोज सकाळी मी त्याला उठवत होते. एका हाकेत कधी उठला नाही. तुमच्या हाकेला उठला असता, तर मीच त्याला ठार मारलं असतं!"

आणि ती हसली. हसता हसता रडली. मला डॉरिस आठवली आणि मीही रडलो. बोळात पर्सी आधीच रडत होता, पण त्याचं कारण वेगळं.

"ते वॉल्ट्झ पुन्हा लावता?" तिने विचारलं.

वर जाऊन मी पुन्हा लावलं. करडा खटका होता तसाच राहू दिला.

ग्वेन्डाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ चष्मा पुसला. "फोन आला, गाणं मागितलं. ऐकणारा जिवंत असलाच पाहिजे असं मी म्हटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. मंगळवार माझा झाला. क्लेगला शुक्रवार मिळाला, आणि शुक्रवारी मी त्या बाजूला फिरकत नाही.

पुढच्या मंगळवारी वॉर्डांनी माझा आवाज पहिल्यांदा ऐकला. दुसऱ्या दिवशी बाई विचारून आल्या. 'फार छान' कोणीच म्हणालं नाही. चार नंबर वॉर्डातल्या एका आजोबांनी फार सौजन्याने विचारलं, की यंत्र पुन्हा बिघडण्याची काही आशा आहे का.

शेवटचं गाणं मात्र मी करडा खटका वर करून लावतो. त्या बोळातून जाताना आताशा सोबत वाटते, असं पर्सी म्हणतो. आणि तळघरातून अजून एकही तक्रार आलेली नाही.