सुगंधाची तब्येत सुधारते

एका जंगलात, बाळांनो, रानडुकरांची वस्ती होती. चुळबुळ करू नका, गोष्ट छोटीच आहे. तर या वस्तीत अंगाने भरलेली तीच सुंदर, अशी पूर्वापार समजूत. बारीक मुलगी दिसली की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. रानडुकरिणींना पदर कुठला, असं विचारू नका. गोष्टीत असतो.

भागाबाई रानडुकरिणीची मुलगी सुगंधा म्हणजे नुसती काडी. तिला दमा होता. चार शब्द बोलली की धाप लागायची. दोन स्थळं तिच्या बरगड्या बघूनच परत गेली. भागाबाईच्या जिवाला घोर लागला. पोरीला श्वास मिळावा आणि नवरा मिळावा, एवढंच तिचं मागणं. त्यातलं आधी कुठलं, ते तिचं तिलाही ठरवता येत नसे.

एकदा दमा फारच उसळला, तेव्हा तिने तळ्याकाठच्या डॉक्टर कासवांना गाठलं. त्यांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या. म्हणाले, औषध जालीम आहे, जीव वाचवतं. पण थोडेच दिवस घ्यायचं आणि मला पुन्हा दाखवायला यायचं. मनाने वाढवायचं नाही आणि मनाने तोडायचंही नाही.

गुण आला. सुगंधाच्या छातीतली शिट्टी थांबली. ती सपाटून जेवू लागली. गाल वर आले. शेजारणी म्हणाल्या, "सुगंधाची तब्येत सुधारली हं!"

झालं! भागाबाई हरखली. डॉक्टरांकडे पुन्हा जायचं ती विसरली, म्हणजे मुद्दाम विसरली. वडाच्या ढोलीत खारीचं औषधाचं दुकान होतं. खार चिठ्ठीबिठ्ठी मागत नसे. मागेल त्याला मागेल ते देत असे, आणि वर हसूनही दाखवत असे. भागाबाई त्याच गोळ्या तिथून आणू लागली.

दोन ऋतू गेले. सुगंधाचा चेहरा वाटोळा झाला, मानेवर मांसाची गादी आली. पाय मात्र काडीच राहिले. पण पाहुणे चेहरा बघतात, पाय कोण बघतो? पोरगी सांगायची, चढावर मांड्यांत बळ राहत नाही, झोप लागत नाही, साधा काटा टोचला तरी जखम भरत नाही. भागाबाईचं उत्तर ठरलेलं असे. लग्न झालं की सगळं बरं होतं!

आणि खरंच स्थळ आलं. मुलाच्या आई हौसाबाई. त्यांनी सुगंधाला चहूबाजूंनी न्याहाळलं, मानेची गादी दाबून बघितली आणि पसंती दिली. मुहूर्त त्याच आठवड्यातला काढला. जाता जाता म्हणाल्या, "आमच्याकडे गोळ्याबिळ्या चालत नाहीत हं. मुलगी निरोगी हवी."

पाहुण्यांची पाठ वळताच भागाबाईने उरलेल्या सगळ्या गोळ्या ओढ्यात फेकल्या. सुगंधा काही म्हणायला गेली, तर तिला गप्प बसवलं.

हळदीचा दिवस उजाडला. रानडुकरांत हळदीऐवजी चिखल लावतात. चिखल लागतो न लागतो तोच सुगंधा पाटावर कोसळली. उलट्या झाल्या, अंग गार पडलं, डोळे उघडेनात. कुणी म्हणालं दृष्ट लागली. कुणी म्हणालं चिखल बाधला. दोघांनी धावत जाऊन डॉक्टर कासवांना पाठीवर घालून आणलं. त्यांनी नाडी बघितली आणि विचारलं, "ही ती गोळी अजून घेत होती का? कधी बंद केली?"

हौसाबाई कान टवकारून उभ्या. खरं सांगावं तर लग्न मोडतं, आणि लपवावं तर पोर हातची जाते. भागाबाईने सुगंधाकडे बघितलं. तो वाटोळा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला स्वतःचीच चीड आली.

"रोज घेत होती," ती म्हणाली. "परवा मीच फेकल्या. हिला वाचवा हो."

कासवांनी तेच औषध सुईने दिलं. सगळे बघतच राहिले. ज्याने घात केला तेच पुन्हा? कासव म्हणाले, "घात औषधाने नाही केला. या गोळीत जे आहे, ते शरीर रोज स्वतः बनवतं. बाहेरून आयतं मिळत राहिलं की बनवायचं सोडून देतं. मग तुम्ही बाहेरचं एकदम तोडलंत, तर त्याने जगायचं कशावर? आता हळूहळू उतरवत न्यायचं."

दुपारपर्यंत सुगंधाने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. भागाबाई ढसाढसा रडली.

लग्न अर्थातच मोडलं. गोळ्यांवर फुगवलेली पोर आमच्या गळ्यात बांधत होता, ही शुद्ध फसवणूक आहे, असं हौसाबाईंनी भर मांडवात सुनावलं. वऱ्हाड तरातरा निघालं.

वाटेत तो वड लागला. हौसाबाईंनी सगळ्यांना पुढे व्हायला सांगितलं. इकडेतिकडे बघितलं, ढोलीत तोंड घातलं आणि हळूच म्हणाल्या,

"अगं, भागाबाईच्या पोरीला देत होतीस ती गोळी आहे का? आमची धाकटी फार बारीक आहे गं."

तात्पर्य: औषध चालू ठेवावं ते शेजारणींच्या कौतुकावर आणि बंद करावं ते विहिणीच्या धाकाने. डॉक्टरांना मधेच विचारू नये. शेवटी त्यांना बोलवावं लागतंच, मग उगाच दोनदा तसदी कशाला?